सायकली नका घेऊ, आधी वाट सांभाळा



कर्जत, खालापूर, मुरबाड या पट्ट्यातल्या तरुणांकडून सध्या एक प्रश्न सारखा येतोय. "सर, आमच्याकडे डोंगर आहे, जंगल आहे, मुंबई-पुणे जवळ आहे. ग्रॅव्हल सायकलिंगचं खूप ऐकतोय. कर्ज काढून आठ-दहा सायकली घेऊ का? भाड्याने देऊ."

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. धंदा आहे. पण तो सायकलीत नाही, वाटेत आहे. ज्याने वाट सांभाळली तो टिकेल. ज्याने फक्त सायकली घेतल्या तो हप्ते भरत बसेल. असं का म्हणतोय, ते आकडे मांडून सांगतो. उदाहरणाला कळंब घेऊ.

आधी वस्तू समजून घ्या

ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम, कच्चा रस्ता. ग्रॅव्हल सायकल दिसायला रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेल्या हँडलची. पण तिचे टायर जाड असतात, साधारण 35 ते 50 मिलिमीटर, आणि त्यात हवा थोडी कमी ठेवतात. त्यामुळे ती डांबरावरही पळते आणि बैलगाडीच्या वाटेवरही चालते.

ही सायकल घेणारा माणूस कोण? हायवेला कंटाळलेला. मागून ट्रकचा हॉर्न, बाजूने घासून जाणारी कार, तोंडात धूर. त्याला पाहिजे गाड्या नसलेला रस्ता. नीट लक्षात घ्या, तो तुमच्याकडे सायकल मागायला येत नाही. सायकल बहुतेक वेळा त्याच्याकडे असतेच, आणि तीही महागातली. तो येतो शांततेसाठी.

आता कळंबचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेकडे माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीच्या अंगाला कोथळीगड, पदरगड, तुंगी आणि वर भीमाशंकरचं रान. मधल्या सपाटीत भाताची शिवारं, ओढे, ठाकर-कातकऱ्यांचे पाडे, आणि त्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा. रेल्वेने नेरळला उतरलं की पुढे कळंबचा रस्ता. मुंबईच्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचता येतं.

पाहुण्याला जे पाहिजे ते सगळं इथे आहे. पण यातलं काहीही तुमच्या मालकीचं नाही. सगळा लेख याच वाक्याभोवती आहे.

गाडी नसणं हीच किंमत असते का? माथेरान बघा

कळंबहून दिसणाऱ्या त्या डोंगराकडे धंद्याच्या नजरेने कधी पाहिलंय का? 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला आणि पुढे थंड हवेचं ठिकाण वसलं. 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा रिक्षात.

म्हणजे एक अख्खं गाव "इथे गाडी येत नाही" या एका गोष्टीवर जगतंय. पर्यटक पैसे देतात ते जे नाही त्याचे. हॉर्न नाही, धूर नाही.

पण याच माथेरानचा दुसरा धडाही घ्या. गाडी नाही म्हणून ओझं कमी झालं नाही, ते माणसाच्या अंगावर आलं. माणूस माणसाला रिक्षात बसवून चढावर ओढत होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षाच्या प्रयोगाला परवानगी दिली. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांच्याच हातात द्या.

उद्योजक म्हणून यातून एक प्रश्न वहीत लिहून ठेवा: पाहुण्याला शांतता मिळते, तिचं ओझं कोण उचलतं? आणि त्याला काय मिळतं? कळंबलाही हा प्रश्न लागू आहे. त्याच्याकडे येतोच.

आता गणित

खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेत. तुमच्याकडचे भाव घालून पुन्हा मांडा.

समजा तुम्ही 70,000 रुपयांच्या आठ सायकली घेतल्या. 5,60,000 रुपये झाले. सगळं कर्ज, 12 टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता महिन्याला साधारण 18,600. वर्षाचे 2,23,200.

आता कमाई. आपल्याकडे सायकलिंगचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात चिखल आणि भरलेले ओढे. एप्रिल-मेमध्ये दुपारी अंग भाजतं. म्हणजे 26 आठवडे, शनिवार-रविवार धरून 52 दिवस. रोज सरासरी चार सायकली गेल्या तर 208 भाडी. 800 रुपये भाड्याने 1,66,400.

हप्ता 2,23,200. भाडं 1,66,400. वर्षाला 56,800 रुपये खिशातून. यात टायर, चेन, ब्रेक पॅड, कुणी पाडून आणलेली सायकल, काहीच धरलेलं नाही. आणि पावसाचे चार महिने या सायकली घरात गंजत उभ्या. हप्ता मात्र पाऊस बघत नाही.

आता तीच 208 माणसं दुसऱ्या पद्धतीने बघू. ते स्वतःची सायकल घेऊन येतात. आठ जणांचा एक गट, वर्षात 26 गट. माणशी 1,200 रुपये.

एका गटाचा हिशोब असा:

- जमा: 9,600
- नाश्ता, जेवण, चहा (माणशी 350): 2,800
- दोन वाटाडे (प्रत्येकी 700): 1,400
- मागे तयार ठेवलेला टेम्पो: 1,000
- गावाचा वाटा (माणशी 100): 800
- प्रथमोपचार, विमा, किरकोळ: 600
- खर्च एकूण: 6,600
- तुमच्याकडे उरले: 3,000

26 गटांचे 78,000 रुपये. चांगला स्टँड पंप, पंक्चरचं सामान, टायरमध्ये भरायचं सीलंट, प्रथमोपचार पेटी, सायकल धुवायला पाइप, टेकवायला बांबूचा स्टँड. हे सगळं 40-50 हजारांत बसतं. मुद्रा कर्जाच्या शिशु गटाची मर्यादाच 50,000 आहे. साठवलेले पैसे असतील तर तेही कर्ज नको.

आता कुणी म्हणेल, "सर, 78,000 मध्ये घर चालतं का?" नाही चालत. हा जोडधंदा आहे. भात आहे, दूध आहे, रिक्षा आहे, त्याला जोड. पहिल्याच वर्षी नोकरी सोडून यात उडी मारा असं मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. पण फरक बघा. माणसं तीच 208. एका पद्धतीत तुम्ही 56,800 ने खाली, दुसरीत 78,000 ने वर. आणि दुसऱ्या पद्धतीत वाटाड्यांचे 36,400 आणि गावाचे 20,800 रुपये कळंबच्या आसपासच राहिले.

आलेल्याची सायकल मोडली तर? एखादी वापरलेली सायकल जादाची ठेवा. एक, फार तर दोन. आठ नको.

मग विकायचं काय?

जे पाहुणा गाडीच्या टपावर बांधून आणू शकत नाही, ते.

पहिलं, वाटेची माहिती. मोबाइलच्या नकाशात रेष दिसते. पण ती रेष डिसेंबरात मोकळी असते की नाही, हे नकाशा सांगत नाही. शहरातल्या माणसाला वाटतं, भात कापून झालं म्हणजे शेत रिकामं. तुम्हाला माहीत आहे की त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो. त्यावरून आठ सायकली गेल्या की कुणाचं तरी पीक गेलं. कुठल्या बांधावरून जायचं आणि कुठे उतरून सायकल हातात धरायची, हे ज्याला माहीत तो खरा वाटाड्या.

दुसरं, पाणी आणि जेवण. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, हंगाम असेल तर पोपटी. रिसॉर्टचा बुफे त्याला सगळीकडे मिळतो, तो नका मांडू. आणि सकाळी सायकल चालवणाऱ्याला सातला नाश्ता लागतो, नऊला नाही. वेळ पाळली तरच तो परत येईल.

तिसरं, भरवसा. पंक्चर झालं, पाय मुरगळला, काही चावलं तर पुढे काय? काही वाटांवर मोबाइलला रेंज नसते. रेंज कुठे मिळते ती ठिकाणं पाठ पाहिजेत. कळंबचं प्राथमिक आरोग्य केंद्र, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय आणि 108, हे प्रत्येक वाटाड्याच्या तोंडावर पाहिजेत. त्या दिवशी टेम्पोवाला "येतो येतो" म्हणून चालणार नाही. म्हणूनच त्याला थांबण्याचे पैसे द्यायचे.

चौथं, कुत्री. हसू नका. सायकलवाल्याची अर्धी भीती पाड्यावरच्या कुत्र्यांची असते. ओळखीचा वाटाडा पुढे असला की कुत्रं शेपूट हलवतं. ही सेवा कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

डांबराचा प्रश्न

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. ग्रॅव्हल सायकलवाल्याला कच्चा रस्ता आवडतो. पण त्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला जो पाडा आहे, त्याला पक्का रस्ता पाहिजे. का पाहिजे, हे तुम्हाला सांगायला नको. पावसात बाळंतीण बाई झोळीत घालून आणावी लागते तेव्हा कच्च्या रस्त्याची शोभा कुणाला दिसत नाही.

इटलीत टस्कनीमध्ये कियांती नावाचा भाग आहे. तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर चढत चाललं होतं. ते वाचावेत म्हणून 1997 मध्ये जानकार्लो ब्रोकी यांनी जुन्या सायकलींची फेरी सुरू केली, नाव "लेरोइका". पहिल्या वर्षी 92 जण आले. पुढे जगभरातून हजारोंनी लोक यायला लागले, आणि 2007 पासून त्याच भागात व्यावसायिकांची मोठी शर्यतही होते. कच्चा रस्ता हीच त्या भागाची ओळख झाली.

ही गोष्ट ऐकून काहीजण म्हणतील, "चला, आपणही रस्ते कच्चेच ठेवू." थांबा. कियांतीच्या शेतकऱ्याच्या दारात गाडी पोचत होती. आपल्या पाड्यावर अजून सगळीकडे पोचत नाही. ही तुलना इथे मोडते.

म्हणून माझं मत ठाम आहे. गावाचा पक्का रस्ता अडेल असा धंदा करायचा नाही. ग्रामसभेत रस्त्याचा विषय आला की सायकलवाल्याने पहिला हात रस्त्याच्या बाजूने वर करायचा. ज्याचा नफा शेजाऱ्याच्या अडचणीवर उभा आहे त्याला गावात कुणी पाणी देत नाही, आणि देऊही नये.

मग सायकल कुठे चालवायची? ज्या वाटांना डांबराची गरजच नाही, तिथे. कालव्याच्या कडेची देखभालीची वाट घ्या. कर्जत तालुक्यात राजनाल्याचा कालवा आहे. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून 1922 पासून वीज तयार होते, आणि वीज झाल्यावर सुटणारं पाणी पुढे या कालव्यातून शेतीला जातं. त्यावर उन्हाळी भात होतो. कालव्याची वाट सपाट, कडेला हिरवं शेत, नवख्या माणसाला यापेक्षा बरं काय? पाटबंधारे खात्याला आधी विचारायचं, एवढंच. शिवाय शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटा आहेत, पाड्यांमधल्या जुन्या वाटा आहेत. त्या शंभर वर्षांनीही कच्च्याच राहिल्या तरी कुणाचं अडत नाही. तुमचा नकाशा अशा वाटांचा बनवा.

गर्दी झाली की माल संपला

कर्जतच्या धबधब्यांचं पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही दर रविवारी बघता. रस्त्यावर गाड्यांची रांग, बाटल्या, प्लॅस्टिक, बुडण्याच्या बातम्या, आणि मग प्रशासनाचा बंदी आदेश. बंदी आली की चहावाल्याचाही धंदा बसतो. ज्याने कचरा केला तो घरी गेलेला असतो.

किराणा दुकानात गिऱ्हाईक वाढलं की फायदा वाढतो. शांतता विकणाऱ्याचं उलटं आहे. एका मर्यादेपुढे प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधीच्याचा माल खराब करतं. म्हणून एका वाटेवर एका दिवशी एकच गट आणि गटात आठच जण. नवव्याला सांगा, "पुढच्या रविवारी या." नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे. पण ज्याला तारीख मिळायला थांबावं लागतं, तो किंमतही कमी करून मागत नाही.

आणि ते माणशी 100 रुपये? ते दान नाही, धंद्याचा खर्च आहे. वाटेवर ज्यांची घरं, शेतं आहेत त्यांच्याशी बसून ठरवा: पैसे कुठे जातील, हिशोब कोण ठेवेल, कुठे लावला जाईल. वर्षाचे 20,800 म्हणजे मोठी रक्कम नाही, पण पाड्यावरचा हातपंप दुरुस्त होतो, शाळेला काहीतरी मिळतं. माथेरानचा प्रश्न आठवतोय ना, ओझं कोण उचलतं? वाटाडा पाड्यावरचाच ठेवा, जेवण पाड्यावरच्या बचत गटाकडून घ्या. मग वाटेत झाड पडलं तर तुम्ही पोचायच्या आत कुणीतरी बाजूला केलेलं असेल.

कागद आधी, पोस्टर नंतर

- जंगलातली वाट असेल तर वन खात्याची परवानगी. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर विचारल्याशिवाय पाऊल नको. हद्द कुठे सुरू होते ते वनरक्षकाकडून समजून घ्या.
- गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल किंवा वन व्यवस्थापन समिती असेल, तर तिच्याशी बोलणं आधी.
- खासगी शेतातून जाणार असाल तर मालकाचा होकार. तोंडी नको, लिहून घ्या.
- राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 चं आहे. त्यात नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. तुमचा उपक्रम त्यात कसा बसतो ते पर्यटन संचालनालयाला विचारा.
- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
- घरी जेवण देणार म्हणजे अन्न नोंदणी लागणार.

या महिन्यात काय कराल?

सायकलच्या शोरूममध्ये जाऊ नका. घरातली जुनी सायकल काढा, नसेल तर पायी जा. गावाभोवतीची 20-25 किलोमीटरची एक वाट शोधा. ती तीन वेळा फिरा: सकाळी, दुपारी आणि रविवारी. पाणी कुठे मिळतं, सावली कुठे आहे, रेंज कुठे जाते, कुत्री कुठे आहेत, कुणाचं शेत लागतं, हे सगळं वहीत लिहा. राबाच्या दिवसांत कुठे धूर असतो आणि वाल कुठे पेरतात, तेही लिहा. ही वही तुमचं पहिलं भांडवल, आणि तिच्यावर व्याज लागत नाही.

मग ओळखीच्या चार सायकलवाल्यांना एकदा बोलवा. जेवणाचे पैसे घ्या, बाकी फुकट. परत जाताना एकच प्रश्न विचारा: "पुढच्या महिन्यात पैसे देऊन याल का?" चौघांपैकी तिघे हो म्हणाले तर पुढे जा. एकच म्हणाला तर वाट बदला, जेवण बदला, वेळ बदला आणि पुन्हा विचारा.

एवढं करूनही सायकली घ्यायच्याच असतील तर दोन हंगाम थांबा. तोपर्यंत किती पाहुण्यांनी खरंच सायकल मागितली, हे त्या वहीतच लिहिलेलं असेल. तो आकडा बघा, मग बँकेत जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब स्वतः मांडा, आणि कळंबकडे कधी गेलात तर हॉर्न वाजवू नका.